रामशास्त्री प्रभुणे
रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी विद्या झाली नाही. साताऱ्यात एका सावकाराकडे ते चाकरीस होते, असे सांगतात. मोठेपणी काशीस जाऊन त्यांनी शास्त्राध्ययन केले आणि पुढे पेशवाईत मुख्य न्यायाधीश झाले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांच्या जागी चुलते राघोबादादा पेशवे झाले. शास्त्रीबोवांनी चौकशी करून दोष खुद्द राघोबांवर ठेवला व देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मग पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. राघोबांची सत्ता गेल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. १७८९ साली ते वारले.

न्याय देताना कोणाचे तोंड पाहू नये, ही तोरातील आज्ञा शोफ्तीमच्या पाराशात दरवर्षी वाचली जाते. माहुलीच्या या शास्त्र्यांनी ती धन्यासमोर उभे राहून पाळली.