थेंबभर रक्ताची साक्ष

नाकाबंदीत पोलीस वाहनचालकाला नळीत फुंकायला लावतात आणि छोट्या पडद्यावर आकडा उमटतो. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा. मुंबईकरांना २००७ पासून हे दृश्य चांगलेच ओळखीचे झाले आहे. दारू किती चढली हे आकड्यात सांगता येते, यात आता कुणाला नवल वाटत नाही. ज्या माणसाने हा आकडा न्यायालयात उभा राहील इतका भक्कम केला, त्याचे नाव एरिक विडमार्क. न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे सूत्र पाठ असते, पण माणूस फारसा कुणाला माहीत नसतो.

विडमार्क १८८९ मध्ये स्वीडनच्या दक्षिण टोकाला, हेलसिंगबोर्ग या बंदराच्या गावी जन्मला. समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे डेन्मार्क. शिक्षण जवळच्याच लुंड विद्यापीठात झाले आणि पुढचे सारे आयुष्यही तिथेच गेले. १९२१ च्या सुमारास तो वैद्यकीय रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला.

तो ज्या देशात वाढला त्या देशाचे दारूशी नाते विचित्र होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमध्ये शेतकऱ्यांच्या घरोघरी भट्ट्या होत्या. धान्याची, पुढे बटाट्याची जळजळीत दारू निघे आणि ती मजुरीतही दिली जाई. १८५५ च्या कायद्याने घरगुती भट्ट्यांचे दिवस भरले, पण पिणे थांबले नाही. जेवणाबरोबर रोज थोडी वाइन घेण्याची दक्षिण युरोपची रीत इथे नव्हती. आठवडाभर कोरडे राहायचे आणि शनिवारी पडेपर्यंत प्यायचे, अशी ही रीत. आपल्याकडच्या पगाराच्या दिवसाशी तिचे साम्य कुणाच्याही लक्षात येईल. इव्हान ब्रात या डॉक्टरच्या पुढाकाराने मग दारूचे रेशनिंग आले. प्रत्येकाला एक पुस्तिका मिळे आणि बाटली घेतली की तीत नोंद होई. विवाहित स्त्रियांना बहुधा पुस्तिका मिळतच नसे. १९२२ मध्ये संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झाले. स्त्रियांची मते वेगळी मोजली गेली होती. बहुसंख्य स्त्रियांनी बंदी मागितली, बहुसंख्य पुरुषांनी ती नाकारली आणि बंदी थोडक्यात हुकली. रेशनिंग मात्र १९५५ पर्यंत चालले.

याच काळात रस्त्यावर मोटारी वाढू लागल्या. घोडागाडीचा गाडीवान झिंगला तरी घोडा घरी पोहोचवत असे. मोटारीला ते जमत नव्हते. अपघातानंतर पकडलेल्या चालकाला पोलीस डॉक्टरकडे नेत. डॉक्टर तोंडाचा वास घेई, सरळ रेषेवर चालायला लावी, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगे आणि दाखला लिही. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रात्री लिहिला जाणारा दाखला याच जातीचा आहे. बोलणे अडखळते, चाल डगमगती, बाहुल्या विस्फारलेल्या, बस्स.

या पद्धतीत दोन मोठ्या खोट होत्या. रोज पिणारा अट्टल माणूस पोलीस दिसताच स्वतःला सावरतो आणि रेषेवरून नीट चालून दाखवतो. उलट डोक्याला मार बसलेला किंवा साखर उतरलेला माणूस एक थेंबही न घेता दारुड्यासारखा वागतो. पहिला सुटतो आणि पुन्हा गाडीवर बसतो. दुसऱ्याला कोठडीत टाकले तर सकाळपर्यंत तो दगावू शकतो. दाखला देणाऱ्या डॉक्टरची ओळखपाळख, दया किंवा राग यांना या पद्धतीत भरपूर वाव होता, हेही मान्य केले पाहिजे.

विडमार्कने डॉक्टरेटसाठी अ‍ॅसिटोन हा पदार्थ अभ्यासला होता. तो रक्तातून लघवीत आणि श्वासात किती उतरतो, हा त्याचा विषय. तिथून मद्यार्काकडे वळणे स्वाभाविक होते, कारण दोन्ही पदार्थ उडून जाणारे आणि पाण्यात सहज मिसळणारे. रक्तातला मद्यार्क मोजण्याच्या रीती त्याच्याआधीही होत्या, पण त्यांना रक्त बरेच लागे. १९२२ मध्ये, त्या सार्वमताच्याच वर्षी, विडमार्कने आपली सूक्ष्म पद्धत प्रसिद्ध केली. बोटाच्या टोकाला किंवा कानाच्या पाळीला टोचायचे आणि केसासारख्या बारीक, वळणदार काचेच्या नळीत साधारण १०० मिलीग्रॅम रक्त घ्यायचे. म्हणजे दोन-तीन थेंब. ते एका बुटक्या चंबूत, बुचाला टांगलेल्या इवल्या वाटीत ठेवायचे. तळाशी गंधकाम्लातले डायक्रोमेट. चंबू उबेत ठेवला की मद्यार्क उडून खाली उतरतो आणि डायक्रोमेट खर्ची पडते. उरलेले किती ते मोजले की मद्यार्क किती होता ते कळते. अ‍ॅसिटोनही डायक्रोमेट खातो, त्यामुळे मधुमेह बळावलेल्या रोग्यात चूक होऊ शकते. अ‍ॅसिटोनवर घडलेल्या या माणसाला तो धोका इतरांपेक्षा चांगला ठाऊक होता.

मोजता येणे ही अर्धी लढाई होती. रक्त घेईपर्यंत अपघाताला दोन-तीन तास उलटून गेलेले असत, मग गाडी चालवताना किती चढली होती हे कसे सांगायचे? १९१९ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड मेलनबीने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले होते की रक्तातला मद्यार्क सरळ रेषेत उतरतो. विडमार्कने २० पुरुष आणि १० स्त्रियांना मोजून दारू पाजली आणि तासातासाला रक्त तपासले. माणसातही तेच दिसले. प्रति किलो रक्तामागे ताशी साधारण ०.१५ ग्रॅम, म्हणजे १०० मिलीलीटरला जवळपास १५ मिलीग्रॅम. यकृताचे कारखाने थोड्याशा दारूनेच पूर्ण क्षमतेने चालू लागतात. त्यापुढे कितीही माल आला तरी वेग तोच. लिंबू पिळले, दही खाल्ले, काळी कॉफी प्यायली, डोक्यावर गार पाणी ओतले तरी रेषेचा उतार बदलत नाही. आधी पोटभर जेवले तर चढ कमी होतो, हे मात्र विडमार्कलाही आढळले.

दुसरी गोष्ट त्याने मांडली ती शरीरातल्या वाटणीची. मद्यार्क पाण्यात पसरतो, चरबीत नाही. म्हणून वजनाला एका अंकाने गुणायचे: पुरुषांसाठी सरासरी ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५. आपल्या मापात सांगायचे तर ७० किलोच्या पुरुषाने दोन मोठे पेग व्हिस्की घेतली की पोटात सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क जातो. उपाशीपोटी रक्तातला आकडा ९० मिलीग्रॅमच्या आसपास निघतो. तो कायद्याच्या ३० पर्यंत उतरायला चारेक तास लागतात. तेवढीच दारू ५५ किलोच्या स्त्रीने घेतली तर आकडा १४० च्या घरात जातो.

हे सगळे त्याने १९३२ मध्ये बर्लिनहून निघालेल्या जर्मन ग्रंथात एकत्र मांडले. १९३४ मध्ये स्वीडनने चालकाच्या रक्ततपासणीला कायद्याचा आधार दिला. मर्यादेचा आकडा कायद्यात आधी आला तो शेजारच्या नॉर्वेत, १९३६ साली, हजारी ०.५ ग्रॅम. स्वीडनने १९४१ मध्ये ०.८ हा आकडा ठरवला, १९५७ मध्ये तो ०.५ वर आणि १९९० मध्ये ०.२ वर आणला. आपल्या ३० मिलीग्रॅमपेक्षाही तो कडक आहे. आकडा आला आणि चालक सावरून उभा राहिला की नाही, हा प्रश्नच गौण ठरला.

विडमार्क एवढ्यावर थांबणारा नव्हता. १९३९ मध्ये त्याने घोड्याच्या भाजलेल्या मांसाचा अर्क उंदरांच्या पाठीवर लावला आणि त्यांना गाठी झाल्याचे नोंदवले. करपलेल्या अन्नात कर्करोगकारक द्रव्ये असतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात उलगडेपर्यंत त्या नोंदीकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही.

त्याच्या सूत्राचा दुरुपयोगही खूप झाला, आजही होतो. ०.६८ आणि ०.५५ या सरासऱ्या आहेत आणि स्त्रियांचा आकडा तर अवघ्या दहाजणींवरून काढलेला. कुणाची दारू ताशी १० मिलीग्रॅमने उतरते, कुणाची २० ने. पार्टीत बसून मोबाइलवर हिशेब करून, एवढ्या वाजता गाडी काढू, असे ठरवणाऱ्याच्या हाती ते सूत्र धोक्याचेच आहे. शिवाय कायद्याचा आकडा काही सुरक्षिततेची हमी नाही. नजर आणि प्रतिसाद त्याखालीही मंदावतात.

विडमार्क १९४५ मध्ये वारला, वयाच्या ५५ व्या वर्षी. पुढे स्वीडनमध्येच मद्यार्क ओळखणाऱ्या विकराची चाचणी निघाली, मग गॅस क्रोमॅटोग्राफी आली आणि टांगत्या वाटीचा चंबू कपाटात गेला. अ‍ॅसिटोनची भीतीही त्याबरोबर गेली. सूत्र मात्र न्यायालयांत चालू राहिले. गंमत अशी की ज्या ग्रंथातून ते आले तो इंग्रजीत भाषांतरित व्हायला १९८१ साल उजाडले. तोवर जगभरच्या कितीतरी तज्ज्ञांनी मूळ पान न वाचताच त्याचे आकडे साक्षीत सांगितले होते.