फळीवरची बँक

हॉस्टेलमागच्या टपरीवर आपल्या सगळ्यांच्या नावाचं एक एक पान असतं. चहा, क्रीमरोल, सबमिशनच्या रात्रीची मॅगी, सगळं त्यात लिहिलेलं. टपरीवाले काका आपल्याकडे पॅनकार्ड मागत नाहीत की पगाराची स्लिप मागत नाहीत. फर्स्ट इयरच्या पोराला आधी दहा-वीस रुपयांची उधारी देतात, घरून पैसे आल्यावर तो फेडतो का ते बघतात, आणि मग पान हळूहळू भरू देतात.

बँकेचं मात्र तसं नाही. आमच्या विंगमधल्या एकाने प्लेसमेंटच्या आनंदात क्रेडिट कार्डचा फॉर्म भरला. उत्तर आलं की तुमचा कर्जाचा पूर्वेतिहास नाही, त्यामुळे कार्ड देता येत नाही. बिचाऱ्याने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता, पण बँकेकडून कधी घेतलाही नव्हता, हाच त्याचा गुन्हा! म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहायला शिकायचं कसं, ते कुणी सांगायचं नाही.

गंमत म्हणजे आजची क्रेडिट कार्डं ज्या बँकेतून जगभर पसरली, ती बँक उभी केली एका भाजीवाल्याने, आणि तीसुद्धा अशाच ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं अशा माणसांसाठी. त्या माणसाचं नाव अमादेओ पीटर जियानिनी.

अमादेओचा जन्म 6 मे 1870 चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी. आईवडील इटलीहून आलेले. वडिलांनी पैसे साठवून शेती घेतली, पण 1876 साली मजुरीच्या एक-दोन डॉलरवरून वाद झाला आणि एका मजुराने त्यांना गोळी घातली. अमादेओ तेव्हा सहा वर्षांचा. पैशाचा क्षुल्लक वाद माणसाचा जीव घेऊ शकतो हे त्याने इतक्या लहान वयात पाहिलं. पुढे आईने लोरेंझो स्कातेना नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला आलं. सावत्र वडिलांनी तिथे फळं-भाजीपाल्याची आडत सुरू केली. अमादेओ पहाटे बाजारात जायचा आणि तिथून शाळेत. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याने शाळा सोडली आणि पूर्णवेळ धंद्यात उतरला. गावोगावी शेतकऱ्यांना भेटून माल ठरवायचा. कोणता शेतकरी शब्दाचा पक्का आणि कोण टोपी घालणारा, हे ओळखण्याचं शिक्षण त्याला इथे मिळालं. एकोणिसाव्या वर्षी तो भागीदार झाला आणि एकतिसाव्या वर्षी स्वतःचा हिस्सा विकून चक्क निवृत्त!

पण निवृत्ती काही टिकली नाही. सासरे वारले आणि त्यांच्या जागी जियानिनी एका छोट्या बँकेच्या संचालक मंडळावर आले. तिथे त्यांनी पाहिलं की कर्ज मिळतं ते फक्त बड्या आसामींना. कोळी, फेरीवाला, गवंडी, न्हावी यांनी कर्ज मागितलं तर त्यांना तारण विचारलं जायचं, आणि तारण नसल्याने गरजेला ते खासगी सावकाराकडे जायचे. छोटी कर्जं द्या म्हणून जियानिनी संचालकांशी भांडले. कोणी ऐकेना. शेवटी ते बाहेर पडले, सावत्र वडील आणि मित्रांकडून दीड लाख डॉलर उभे केले आणि 17 ऑक्टोबर 1904 ला एका जुन्या दारूच्या गुत्त्याच्या जागेत बँक ऑफ इटली उघडली. इंग्रजी धड न येणाऱ्या इटालियन लोकांकडे ते स्वतः जायचे आणि बँक म्हणजे काय ते समजावून सांगायचे. गादीखाली पैसे ठेवणारी माणसं पहिल्यांदाच खातं उघडू लागली. कर्ज देताना ते समोरच्याच्या हातावरचे घट्टे बघायचे असं सांगतात.

खरी परीक्षा 18 एप्रिल 1906 ला झाली. पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला प्रचंड भूकंप झाला. जियानिनी सत्तावीस किलोमीटरवर सॅन मटेओला राहायचे. मिळेल तेवढी वाट आगगाडीने आणि उरलेली पायी तुडवत ते दुपारी बँकेत पोचले. इमारत उभी होती, पण शहरात आग लागली होती आणि ती इकडे येणार हे उघड दिसत होतं. त्यांनी बँकेतली सुमारे ऐंशी हजार डॉलरची रोकड आणि सोनं स्कातेनांच्या भाजीच्या दोन घोडागाड्यांत भरलं, वर संत्र्यांची खोकी रचली आणि रात्रीच्या अंधारात लुटारूंची नजर चुकवून घरी नेलं. बँकेची इमारत जळाली. शहरातल्या मोठ्या बँकांच्या पोलादी तिजोऱ्या शाबूत राहिल्या खऱ्या, पण त्या इतक्या तापल्या होत्या की लगेच उघडल्या असत्या तर आतले कागद भडकले असते. पैसा असून नसल्यासारखा! इतर बँकवाल्यांचं मत पडलं की काही महिने व्यवहार बंद ठेवावेत.

जियानिनींना ते पटलं नाही. त्यांनी धक्क्यावर दोन पिंपांवर एक फळी टाकली आणि तिथेच बँक सुरू केली. समोर येणाऱ्यांकडे घर नाही, दुकान नाही, तारणाचे कागद असले तर तेही जळालेले. जियानिनींकडे होती फक्त ओळख. मात्र ते डोळे मिटून पैसे वाटत नव्हते, हे लक्षात घ्या. मागितलेल्या रकमेच्या साधारण निम्मे द्यायचे आणि उरलेले तू उभे कर म्हणायचे. त्यामुळे लोकांनी लपवलेलं सोनंनाणं बाहेर आलं आणि घेणाऱ्याचा स्वतःचा पैसाही त्यात गुंतला. ती कर्जं फिटली, आणि इटालियन वस्तीचा भाग लवकर उभा राहिला.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. 1909 साली जन्मगावी शाखा निघाली, मग कॅलिफोर्नियाभर शाखांचं जाळं पसरलं. 1930 साली बँकेचं नाव बँक ऑफ अमेरिका झालं. आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी खास माहिती: 1932 च्या मंदीत गोल्डन गेट पुलाचे रोखे कोणी घेईना, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस जियानिनींकडे गेले आणि बँकेने ते रोखे घेतले. डिस्नेच्या स्नो व्हाइट चित्रपटालाही याच बँकेचं कर्ज होतं. 1945 पर्यंत ती जगातली सर्वांत मोठी बँक झाली. जियानिनी मात्र श्रीमंत होण्याच्या फंदात पडले नाहीत. बँकेने देऊ केलेले सुमारे पंधरा लाख डॉलर त्यांनी शेतीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला दिले. 3 जून 1949 ला ते वारले, तेव्हा त्यांची मालमत्ता पाच लाख डॉलरच्या आतच होती.

आता कार्डाकडे येऊ. सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो शहरात साठ हजार क्रेडिट कार्डं टपालाने पाठवली. कोणी मागितली नव्हती, कोणाची चौकशी नव्हती. चार टक्के लोक पैसे थकवतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात थकवणारे निघाले बावीस टक्के! बँकेला कोट्यवधी डॉलरचा फटका बसला. पुढे योजना सावरली आणि 1976 पासून तेच कार्ड व्हिसा नावाने ओळखलं जाऊ लागलं. पण धडा मिळालाच. जियानिनी कागद बघत नव्हते, पण माणूस बघत होते. इथे दोन्ही बघितलं नव्हतं.

लाखो लोकांचे घट्टे कोण बघणार? म्हणून आकडे आले. त्याच कॅलिफोर्नियात 1956 साली बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती एकत्र आले आणि कर्जदाराला गुण देण्याचं शास्त्र त्यांनी उभं केलं. भारतात त्यासाठी 2000 साली सिबिल स्थापन झाली. तिचा स्कोअर 300 ते 900 असतो. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याला स्कोअर नसतो. म्हणजे तो नापास नसतो, त्याचा पेपरच झालेला नसतो.

आमच्या मित्राने शेवटी काय केलं? बँकेत छोटी मुदत ठेव ठेवली आणि तिच्या तारणावर कार्ड घेतलं. महिन्याला मोबाइलचं बिल आणि एखादं पुस्तक एवढंच त्यावर घेतो आणि बिल आलं की मुदतीआधी पूर्ण भरतो. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलायचा मोह टाळतो, कारण त्या व्याजाने भले भले बुडाले आहेत. थोडक्यात, जियानिनींचीच रीत: निम्मे तू उभे कर, मग मी विश्वास ठेवतो.

बाकी, टपरीवरचं माझं पान दोन महिने थकलंय. हा लेख छापून यायच्या आत ते फेडलेलं बरं. नाहीतर काका वाचतील आणि विचारतील!

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी