नांदेडचे गुरू आणि सरसा नदीत गेलेले ग्रंथ

नांदेडच्या हजूर साहिबला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. पण ज्यांच्यामुळे हे स्थान आहे, त्या गुरू गोविंदसिंगजींच्या आयुष्यात डेटा जाण्याची आणि परत उभा करण्याची मोठी गोष्ट आहे, ती सहसा कुणी सांगत नाही.

जन्म १६६६, पाटण्याला. वडील गुरू तेगबहादूर यांना औरंगजेबाच्या हुकुमाने १६७५ मध्ये दिल्लीत मारलं आणि नऊ वर्षांच्या मुलावर गुरुपद आलं. १६९९ ला आनंदपूरमध्ये खालसा पंथ, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. तलवारीच्या गोष्टीत राहून जातं ते हे की ते स्वतः कवी होते. ब्रज, पंजाबी, फारसी, तिन्हींत लिहायचे. दरबारी कवी आणि लेखनिक होते, संस्कृत ग्रंथांची भाषांतरं चालायची. हा सगळा साठा आनंदपूरला, एकाच जागी. आजच्या भाषेत, अख्खं घर एका हार्ड डिस्कवर!

डिसेंबर १७०४ मध्ये (काही अभ्यासक १७०५ धरतात) वेढा पडलेलं आनंदपूर सोडावं लागलं. पाठीवर फौज, समोर पूर आलेली सरसा नदी. त्या गडबडीत हस्तलिखितं पाण्यात गेली. कुटुंबाची ताटातूट तिथेच झाली. थोड्याच दिवसांत चारही मुलगे आणि आई गेली. अशा वेळी पोथ्यांचा हिशोब कोण करणार?

तरी त्यांनी केला. पुढे तलवंडी साबो, म्हणजे आजच्या दमदमा साहिबला मुक्काम असताना ग्रंथ पुन्हा लिहून घ्यायचं ठरलं. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी तयार करवलेली मूळ प्रत अस्तित्वात होती, पण ती करतारपूरला धीरमलच्या घराण्याकडे, आणि परंपरा सांगते की त्यांनी ती द्यायला नकार दिला. मला हा भाग सगळ्यात ओळखीचा वाटतो. कॉपी आहे, पण ॲक्सेस नाही! जुन्या जीमेलवर पाच वर्षांचे फोटो असतात, पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो, तसंच. असला बॅकअप धरायचाच नाही. म्हणून आजच रिकव्हरी नंबर बदला आणि एखादा जुना फोटो खरंच परत डाउनलोड होतो का ते बघा.

परंपरेनुसार गुरूंनी सगळा ग्रंथ मुखोद्गत सांगितला आणि भाई मनीसिंग यांनी लिहून घेतला. वडिलांच्या रचना पहिल्या प्रतीत नव्हत्या, त्या यात आल्या. याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं गाव मानलं जाणारं नरसी नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आणि पदं जपली गेली पंजाबात. लांबच्या गावी एक प्रत असावी ती यासाठीच. किल्लारीला १९९३ च्या भूकंपात घरंच जमीनदोस्त झाली. कपाटातला अल्बम आणि त्याच कपाटातला पेनड्राइव्ह अशा वेळी सोबतच जातात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम त्यातूनच येतो. आणि हो, सिंक म्हणजे बॅकअप नाही. गुगल फोटोजमध्ये सिंक चालू असताना त्याच ॲपमधून फोटो डिलीट केला की क्लाउडमधूनही तो ट्रॅशमध्ये जातो.

१७०८ मध्ये गुरू बादशहा बहादूरशहाच्या छावणीसोबत दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी नांदेडला थांबले. इथेच माधोदास बैरागी भेटला, तोच पुढचा बंदा बहादूर. इथेच एका पठाणाने त्यांच्यावर वार केला. ऑक्टोबर १७०८ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी ते गेले. जाण्याआधी त्यांनी पुढे कुणी माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू, असं ठरवून दिलं. त्यानंतर प्रत अक्षराअक्षराने तंतोतंत असणं किती महत्त्वाचं झालं असेल, विचार करा.

त्यांच्या स्वतःच्या रचनांचं काम मात्र बाकी होतं. त्यांच्यामागे भाई मनीसिंगांनी, असं मानतात, ठिकठिकाणच्या शिखांकडे राहिलेली पानं शोधून एकत्र केली. कुणाकडे नक्कल होती म्हणून ती सापडली.