जिगोरो कानो आणि माझा पांढरा पट्टा

या अंकासाठी थोरांची चरित्रे लिहायची असे गुरुजींनी सांगितले, तेव्हा वर्गातल्या मुलांनी फुले, शाहू महाराज, सावित्रीबाई अशी नावे पटापट घेऊन टाकली. माझा नंबर येईपर्यंत कुणी उरलेच नव्हते. म्हणून मी जपानच्या जिगोरो कानो यांच्यावर लिहायचे ठरवले. त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकले नसेल. पण मंगळवारी नि शुक्रवारी शाळा सुटल्यावर आपल्या व्हरांड्यात गाद्या टाकून जी आपटाआपटी चालते, तो ज्युदो त्यांनीच सुरू केला.

आधी माझे थोडे सांगते. माझा ज्युदोचा ड्रेस नवा नाही, चुलतभावाचा आहे. पाठीवर दोन ठिगळे आहेत आणि डाव्या बगलेत आईने टाके घातलेत. पांढरा दोरा संपला म्हणून निम्मे टाके पोती शिवायच्या दोऱ्याचे आहेत. मागच्या वर्षी तालुक्याला स्पर्धेला गेले तेव्हा बाकीच्या मुलींचे ड्रेस बगळ्यासारखे पांढरे. मी आपली भिंतीला पाठ लावून उभी. पुढे गादीवर गेल्यावर माझा पट्टा दोनदा सुटला. दोन्ही वेळा पंचांनी कुस्ती थांबवली आणि पोटापुढे हात आडवे धरून कपडे नीट कर अशी खूण केली. दुसऱ्या वेळी हात इतके थरथरत होते की गाठ बसेना. मागून कुणीतरी हसलं. मी हरले ते हरलेच, आणि घरी येऊन आईला सांगितलं की हा ड्रेस मी परत अंगाला लावणार नाही. आई काही बोलली नाही.

गुरुजींना हे कळले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला कानोंचे पुस्तक दिले. त्यात वाचलेले आणि गुरुजींनी सांगितलेले मी लिहिते आहे.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली जपानमध्ये समुद्रकाठच्या मिकागे गावी झाला. ते गाव आता कोबे शहरात गेले आहे. घरचा धंदा तांदळाची दारू गाळण्याचा, घर खाऊनपिऊन सुखी. पण जिगोरो नऊ-दहा वर्षांचे असताना आई वारली आणि ते वडिलांबरोबर टोकियोला आले. अभ्यासात हुशार, इंग्रजी चांगले, पण अंगाने अगदी किरकोळ. मोठे झाल्यावरही त्यांची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच होती. वसतिगृहातली दांडगी मुले त्यांना फार छळत.

लहान माणसालाही मोठ्याला पाडता येते अशी जुजुत्सू नावाची विद्या आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. ती शिकायची त्यांनी हट्टाने ठरवली. पण शिकवणार कोण? जपानमध्ये नवे राज्य आले होते, सामुराईंचे दिवस संपले होते, आणि जुन्या विद्येला कुणी विचारत नव्हते. घरी येणाऱ्या जाणत्या माणसांनी टाळले, वडिलांनाही आता त्याचा काय उपयोग असे वाटे. जुजुत्सूचे कितीतरी उस्ताद तेव्हा हाडवैद्य होऊन पोट भरत होते. मग जिगोरोंनी काय केले, तर हाडवैद्यांच्या पाट्या शोधत टोकियोत फिरू लागले! आपल्याकडे हात मोडला की हाडवैद्य शोधतात, यांनी हात मोडण्याआधीच शोधला. (आमच्या वर्गात हे वाचून दाखवले तेव्हा सगळे हसले.) अशा शोधातून १८७७ साली त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले. त्याच वर्षी ते टोकियो विद्यापीठात गेले होते.

फुकुदांची शिकवण्याची रीत वेगळीच होती. हा डाव कसा चालतो असे कानोंनी विचारले, तर गुरू त्यांना धरून आपटत. पुन्हा विचारले, पुन्हा आपटत. कानोंच्या अंगावर कायम मलम आणि पट्ट्या. त्या काळच्या सरावाच्या कपड्यांना बाह्या कोपरापर्यंतसुद्धा नसत आणि चड्डी गुडघ्याच्या वर, त्यामुळे कोपरे-गुडघे सोलून निघत. कपडेही टिकत नसत, कारण या विद्येत समोरच्याचा कपडा धरूनच त्याला पाडायचे असते. ओढाताणीत कपडा फाटला की शिवायचा आणि पुन्हा घालायचा.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगते. कानोंचा सरावाचा त्या दिवसांतला अंगरखा टोकियोला त्यांच्या संस्थेने जपून ठेवला आहे. तो ठिकठिकाणी फाटलेला आहे आणि ठिगळे लावून, टाके घालून सांधलेला आहे. पुस्तकात हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि पेटीतून माझा ड्रेस काढून पाहिला.

एक फुकुशिमा नावाचा धिप्पाड गडी तिथे होता, तो कानोंना काही केल्या पडेना. त्यांनी सुमो कुस्तीतले डाव पाहिले, तेही जमले नाहीत. शेवटी ग्रंथालयात जाऊन परदेशी कुस्तीचे पुस्तक चाळले, त्यात खांद्यावर उचलून टाकायचा एक डाव सापडला, तो घटवला आणि एक दिवस फुकुशिमाला उचलून टाकले. पुस्तक वाचून कुस्ती जिंकलेला माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

१८७९ मध्ये फुकुदा वारले. पुढचे गुरू इसो, तेही १८८१ मध्ये गेले. मग ईकुबो या तिसऱ्या गुरूंकडे त्यांना नवे समजले. समोरच्याचा तोल आधी घालवायचा आणि मग डाव टाकायचा, म्हणजे जोर थोडा लागतो. या सगळ्यातून धोकादायक डाव बाजूला काढून त्यांनी आपली पद्धत बसवली आणि तिला ज्युदो म्हटले. १८८२ साली टोकियोच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात त्यांनी कोदोकान ही शाळा काढली. बारा चटयांची जागा आणि पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी. आपल्या व्हरांड्यात आम्ही अकरा आहोत! आपटण्याने मंदिराची जमीन खचायची, देवघरातल्या पाट्या पडायच्या, पुजारी वैतागायचे. मग कानो आणि त्यांचा विद्यार्थी कंदील घेऊन जमिनीखाली शिरायचे आणि मोडलेले टेकू नीट करायचे. ते दिवसा शिक्षक होते, रात्री भाषांतरे करून संस्थेचा खर्च भागवत. त्यांच्याकडे राहणारी मुले पहाटे पावणेपाचला उठून आधी झाडलोट करत.

पट्ट्याची गोष्ट इथूनच सुरू होते. गो नावाच्या पटावरच्या खेळात जपानमध्ये दान म्हणजे पायऱ्या पूर्वीपासून होत्या. ती रीत कानोंनी ज्युदोत आणली आणि १८८३ साली तोमिता आणि साइगो या दोघांना पहिली दान दिली. पुढे दान मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायचा असे ठरले. पिवळा, नारिंगी, हिरवा असे रंग नंतर युरोपात रूढ झाले. पांढरा पट्टा मळून मळून काळा होतो म्हणून तो कधी धुऊ नये, असे आमच्यातली मुले सांगतात, ती थाप आहे. कोपरे-गुडघे सोलू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास बाह्या आणि विजार लांब केली. तोच आजचा ड्रेस.

पट्टा कसा बांधायचा तेही लिहिते, कारण मी तिथेच चुकले होते. आधी अंगरख्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटे केले तर जपानी माणूस दचकेल, कारण तिकडे उजवी बाजू वर फक्त मयताच्या अंगावर असते. मी तालुक्याला तशीच गेले होते! मग पट्ट्याचा मध्य बेंबीवर ठेवून टोके पाठीमागे न्यायची, तिथे एकावर एक घेऊन पुढे आणायची. वरचे टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून घालून वर ओढायचे. आता वर आलेले टोक खाली वळवून दुसऱ्या टोकाशी गाठ मारायची. गाठ आडवी बसली आणि टोके डावीउजवीकडे गेली की बरोबर. टोके एक वर एक खाली उभी राहिली तर ती सुटणार. स्पर्धेत गाठीपासून टोक वीस ते तीस सेंटिमीटर लागते. पट्टा सैल असला की अंगरखा बाहेर येतो आणि समोरच्याला नीट पकड मिळत नाही. म्हणून मुद्दाम सैल करणाऱ्याला शिक्षा होते. हे मला माहीत नव्हते. आपला पट्टा आपल्यापुरताच असतो असे मला वाटायचे.

कानो पुढे मोठे शिक्षक झाले. टोकियोच्या शिक्षक तयार करणाऱ्या उच्च विद्यालयाचे ते वीस वर्षांहून अधिक काळ मुख्याध्यापक होते. मुलींनाही त्यांनी १८९३ पासून ज्युदो शिकवला, आणि १९२६ मध्ये कोदोकानात मुलींचा वेगळा विभाग निघाला. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेले, आशियातले पहिलेच. १९१२ ला स्टॉकहोमला जपानचे पथक घेऊन गेले, त्यात खेळाडू दोनच! रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात १९२९ साली ज्युदो शिकवायला ताकागाकी आले, तेही कोदोकानचेच.

१९४० चे ऑलिंपिक टोकियोला व्हावे म्हणून म्हातारपणी ते देशोदेशी फिरले. १९३८ मध्ये कैरोची सभा आटोपून हिकावा मारू या बोटीने परत येत असताना ४ मे रोजी, घर दोन दिवसांवर आले असता, न्यूमोनियाने ते समुद्रातच वारले. लढाईमुळे ते ऑलिंपिक झालेच नाही. १९६४ साली टोकियोला झाले, त्यात ज्युदो पहिल्यांदा आला, आणि खुल्या गटात जपानच्या कामिनागांना हॉलंडच्या गेसिंक यांनी हरवले. मला त्या दिवशीच्या जपानी मुलांचे वाईट वाटते, पण कानोंना काय वाटले असते कुणास ठाऊक.

यंदा मी पुन्हा तालुक्याला गेले. एक कुस्ती जिंकले, दुसरी हरले. पट्टा सुटला नाही.

पालकसभेला आलेल्यांनी या कागदाच्या उजवीकडे खुंटीवर पाहावे. माझा ड्रेस मी तिथे टांगला आहे, धुऊन, पाठ बाहेरच्या बाजूला करून. हे मी आईला अजून सांगितलेले नाही. ती दुपारच्या सभेला येणार आहे.