अडखळणाऱ्या जिभेचा वक्ता : डेमॉस्थिनीस

ग्रीस देशातील अथेन्स नगरात इ. स. पूर्व ३८४ मध्ये डेमॉस्थिनीसचा जन्म झाला. बापाचा तलवारींचा कारखाना होता, घरी सुबत्ता होती. पण पोर सात वर्षांचे असताना बाप वारला, आणि ज्यांच्या हाती इस्टेट सोपवली त्या पालकांनीच ती गिळली. खटल्यात ज्याचे त्याने न्यायसभेपुढे उभे राहून बोलावे, अशी तिथली रीत. विशीत त्याने पालकांवर फिर्याद केली व जिंकली. पैसा मात्र थोडाच हाती आला.

पुढे नगरसभेत पहिल्याने बोलला तेव्हा लोक हसले. आवाज बारीक, दम अपुरा, जीभ अडखळणारी! कीर्तनाला पहिल्यांदा उभे राहिलेल्यांना ही लाज ठाऊक असेल. असाच एकदा फजीत होऊन तोंड झाकून घरी जाताना सॅटिरस नावाचा नट भेटला. त्याने काही ओळी म्हणायला लावल्या, मग त्याच स्वतः म्हणून दाखवल्या. शब्द तेच, पण जीव निराळा! मग काय, याने तळघर बांधले. बाहेर पडण्याचा मोह नको म्हणून अर्धे डोके भादरून महिनोन्‌महिने आत घोकत बसला. तोंडात खडे धरून बोलला, चढण चढताना बोलला. म्हातारपणी त्यानेच ही हकीकत सांगितली, असे प्लुटार्क लिहितो.

त्याच साली जन्मलेल्या ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. युक्तिवाद, श्रोत्यांची भावना आणि वक्त्याचे शील या तिहींनी भाषण पटते, असे त्याचे म्हणणे. डेमॉस्थिनीसच्या शिलाची कसोटी लवकरच लागली. मॅसिडोनियाचा राजा फिलिप ग्रीस गिळायला निघाला होता. याने वर्षानुवर्षे बोलून नगराला लढायला उठवले. इ. स. पूर्व ३३८ मध्ये कायरोनिया येथे अथेन्स हरले, हजारावर माणसे पडली. ज्याच्या सांगण्यावरून पोरे गेली, त्याला लोकांनी हाकलले असते तर नवल नव्हते. पण मेलेल्यांच्या उत्तरक्रियेचे भाषण करायला नगराने त्यालाच निवडले!

पुढे हार्पालस नावाच्या पळपुट्या खजिनदाराकडून पैसा घेतल्याचा ठपका आला, दंड झाला, परागंदा व्हावे लागले. हा डाग आम्हांला झाकता येत नाही. नगराने त्याला परत बोलावले खरे, पण इ. स. पूर्व ३२२ मध्ये अथेन्स पुन्हा हरले आणि त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावली गेली. कलौरिया बेटावरच्या देवळात तो शिरला. शिपाई दाराशी आले. पत्र लिहितो असे सांगून त्याने बोरू तोंडात धरला. त्यात विष होते, असे सांगतात.