हरपलेला आवाज

मुलांनो, रियाज, उस्ताद, खयाल हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. पण एखाद्या गवयाचा आवाजच गेला, तर त्याने काय करावे? याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

उस्ताद अल्लादियाखाँ यांच्यावर असा प्रसंग आला होता. त्यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा येथे एका गवयांच्या घराण्यात झाला. वडिलांच्या पश्चात काका जहांगीरखाँ यांनी त्यांना धृपद व खयाल शिकवला. अल्लादियाखाँनी अनेक वर्षे कसून रियाज केला.

तरुणपणी ते आमलेटा या लहानशा संस्थानात होते. तेथील राजाला गाण्याचा फार शौक होता. त्याच्या आग्रहामुळे खाँसाहेबांना दिवसामागून दिवस गावे लागले. गळ्यावर फार ताण पडला आणि त्यांचा आवाज बसला. बऱ्याच काळाने तो परत आला, पण पूर्वीचा गोडवा काही परतला नाही.

दुसरा कोणी असता, तर निराश होऊन गाणे सोडून बसला असता. खाँसाहेबांनी तसे केले नाही. आवाज बदलला होता; पण विद्या, दमसास आणि लयीची जाण कोठे गेली होती? त्यांच्या आधारे त्यांनी गाण्याची नवी रीत घडवली. त्यांची प्रत्येक तान लयीच्या पावलांनी चाले. दोन राग जोडून झालेले अवघड राग ते सहज गात. हीच गायकी पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून नावाजली.

१८९५ साली ते कोल्हापूरला आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबार गायक नेमले. १९२२ साली महाराज वारले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईस राहू लागले. भास्करबुवा बखले, गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे नामवंत शिष्य. १९४६ साली मुंबईत खाँसाहेबांचे निधन झाले.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अवकाशात सोडली. त्यांतील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंनी गायिलेली भैरवी आहे. म्हणजे खाँसाहेबांची विद्या आज ग्रहताऱ्यांच्या वाटेवर आहे!

मुलांनो, एखादी गोष्ट आपल्या हातून गेली, की आपण रडत बसतो. अशा वेळी खाँसाहेबांची आठवण करा. गेले ते गेले; आपल्याजवळ काय उरले आहे, ते आधी पाहा.