गादी सोडली, रुथला नाही : सेरेत्से खामा

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी विवाह झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लंडनच्या केन्सिंग्टनमध्येही एक नोंदणी विवाह झाला आणि त्याने ब्रिटिश सरकारची झोप उडवली. वर होता सेरेत्से खामा, आजच्या बोत्सवानातील बामांग्वाटो जमातीच्या गादीचा वारस. वधू रुथ विल्यम्स, विमा कचेरीत कारकुनी करणारी गोरी इंग्रज मुलगी.

१९२१ साली सेरोवे येथे जन्मलेला सेरेत्से लहानपणीच पोरका झाला. काका त्शेकेदी यांनी त्याला वाढवले, गादीही सांभाळली. कायदा शिकायला तो इंग्लंडला गेला. १९४७ मध्ये रुथ भेटली, दोघांनाही जॅझ संगीताचे वेड. लग्न चर्चमध्ये व्हायचे होते, पण ऐनवेळी धर्मगुरूंनी हात वर केले. रुथच्या वडिलांना हे लग्न मान्य नव्हते.

इकडे काकाही संतापले. त्यांचा राग केवळ रंगाचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गादीच्या वारसाचे लग्न हा जमातीचा प्रश्न, तिला न विचारता ते होतेच कसे, हा त्यांचा सवाल होता. इंग्रज मुलीला लग्न म्हणजे दोघांचा निर्णय वाटणार. सेरोवेत तो सगळ्यांचा असतो. सेरेत्से या दोन्ही जगांत अडकला होता. तो एकटाच मायदेशी परतला आणि जमातीच्या खुल्या सभेपुढे, म्हणजे क्गोत्लापुढे, उभा राहिला. पहिल्या दोन सभा विरोधात गेल्या. जून १९४९ च्या तिसऱ्या सभेत मात्र हजारो लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. विरोधात उरले मोजकेच. ऑगस्टमध्ये रुथ सेरोवेला आली. म्हणजे दोन संस्कृतींचा पेच लोकांनी बोलून, भांडून वर्षाच्या आत सोडवला होता!

सोडवायचा नव्हता तो सत्तेला. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने १९४९ मध्येच मिश्र विवाहांवर बंदी घातली होती. तिथले सोने आणि युरेनियम ब्रिटनला हवे होते. ब्रिटिशांनी चौकशी नेमली. सेरेत्से एरवी गादीला लायक आहे, आड येते ते लग्न, असे अहवालात निघाले. तो अहवाल दडपण्यात आला. १९५० मध्ये बोलणी करायची म्हणून सेरेत्सेला लंडनला बोलावले आणि पाच वर्षांची हद्दपारी सुनावली. रुथ तेव्हा गरोदर होती, सेरोवेत एकटी. आधी मजूर पक्षाचे सरकार, पुढे १९५२ मध्ये हुजूर पक्षाने ती बंदी कायमची केली. या एका बाबतीत दोघांचे चांगलेच जमले.

१९५६ मध्ये गादीवरचा हक्क सोडून सेरेत्से साधा नागरिक म्हणून रुथसह परतला. १९६२ मध्ये पक्ष काढला. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा पहिला राष्ट्राध्यक्ष तोच होता. १९८० मध्ये पदावर असतानाच त्याचे निधन झाले. रुथ बोत्सवानातच राहिली आणि २००२ मध्ये सेरोवेत पतीशेजारी विसावली.

या जोडप्याला १९५८ मध्ये जुळे मुलगे झाले. त्यांतल्या एकाचे नाव त्यांनी त्शेकेदी ठेवले.